एका नावाचे आजोबा

आमच्या घराण्यात नावांचा दुष्काळ फार जुना आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघर होती. पण आमच्याकडे ती जितक्या इमानाने पाळली गेली, तितकी एकादशीसुद्धा पाळली गेली नसेल. उदाहरणादाखल विष्णू आणि गणेश अशी दोनच नावे घ्या. विष्णूचा गणेश, गणेशाचा विष्णू, त्या विष्णूचा पुन्हा गणेश. मधे बापाचे नाव लावले की माणूस ओळखू येतो, अशी आपली समजूत असते. इथे आजोबाही विष्णू गणेश आणि नातूही विष्णू गणेश! जुन्या कागदांवरून एवढेच कळते, की एका विष्णू गणेशांनी विहीर बांधली आणि एका विष्णू गणेशांनी ती गहाण टाकली. बांधणारे आपले सख्खे पणजोबा आणि गहाण टाकणारे चुलत घराण्यातले, असे धरून चालायची प्रत्येक शाखेची वहिवाट आहे.

पेशव्यांचे बरे होते. थोरले ते बाजीराव बल्लाळ, धाकटे ते बाजीराव रघुनाथ. शिवाय इतिहासकारांनी दोघांना नंबर देऊन टाकले. पालखेड जिंकणारे कोण आणि ब्रह्मावर्ताला पेन्शन खात बसलेले कोण, यात शाळकरी पोराचाही घोटाळा होत नाही. सामान्य माणसाला नंबर कोण देणार?

सरकार देईल, असे मला वाटत होते. आपल्याकडे १८७२ साली पहिली शिरगणती झाली, १८८१ साली सगळ्या देशभर एका वेळी झाली, आणि त्यानंतर २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी मास्तर नाहीतर तलाठी दारात उभा राहिलाच. त्याने नाव, वय, धंदा सगळे विचारून घेतले. म्हणजे आमचे सगळे विष्णू वयासकट कुठेतरी लिहिले गेले असणार! पण १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम म्हणते, की हे कागद कुणाला पाहायला मिळणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. आपल्या वाट्याला येतात ते आकडे. तालुक्यात अमुक हजार पुरुष. त्यांतले दोन आमचे, पण कुठले दोन?

इंग्रजांनी मात्र स्वतःच्या घरच्या शिरगणतीची नावानिशीवार पुस्तके जपली आणि शंभर वर्षे झाली की खुली करायची वहिवाट ठेवली. १९२१ ची २०२२ साली खुली झाली. तिथे हौशी लोक आपापले पूर्वज वेचत बसलेले असतात. त्यांची पद्धत पाहायला गेलो, तर स्कॉटलंडात थेट आमचेच घराणे भेटले! थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, हा तिथला जुना रिवाज. आता हिशेब करा. एका जॉनला चार मुलगे. चौघेही आज्ञाधारक. चौघांनी आपापल्या थोरल्याचे नाव जॉन ठेवले. एकाच आडनावाचे चार जॉन, एकाच गावात, चार-पाच वर्षांच्या अंतराने!

त्यात १८४१ ची शिरगणती. घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहिणारी ही पहिलीच; पण पंधरा वर्षांवरच्या माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे, असा नियम. एक्केचाळीसचा जॉनही चाळीस आणि चव्वेचाळीसचा जॉनही चाळीस. आपल्या वाण्यानेसुद्धा वजनात इतकी मोकळीक घेतली नसती. घरात कोण कुणाचा कोण लागतो, हेही विचारलेले नाही. १८५१ साली शहाणपण आले. नेमके वय, कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचे गाव लिहायला लागले. तेव्हापासून दोन जॉन वेगळे करायचे ते त्यांच्या बायकांवरून. बायको कुठल्या गावची, मुले कुठल्या क्रमाने झाली, शेजारी कोण, धंदा कुठला, हे दर दहा वर्षांनी ताडून पाहायचे. नुसत्या नवऱ्यावरून कुणाचीच ओळख पटत नाही. आमच्या घरी हे वाचून दाखवल्यावर आतून, “त्यासाठी शिरगणती कशाला हवी होती?” असे उत्तर आले.

वयावर तर विश्वास ठेवूच नये. आयर्लंडात १९०१ साली पंचावन्नचा म्हणून लिहिलेला गृहस्थ १९११ साली सत्तरीचा होऊन बसलेला सापडतो. मधे १९०८ चा पेन्शनीचा कायदा झालेला! सत्तरी उलटली की आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळायचे. जन्माची सरसकट सरकारी नोंद तिथे १८६४ पासूनची, तेव्हा त्याआधी जन्मलेल्याला खोटे कोण पाडणार? मग सरकार १८४१ आणि १८५१ च्या शिरगणतीत त्यांची नावे शोधायला लागले. ती पुस्तके बहुतेक सगळी १९२२ साली डब्लिनच्या दप्तरखान्याबरोबर जळाली. पेन्शनीसाठी उतरवून घेतलेले उतारे मात्र राहिले. पाच शिलिंगांच्या हावेने बरेच पूर्वज वाचवले म्हणायचे.

पण वय जुळत नाही म्हणजे दर वेळी कुणी थाप मारली असे नाही. समजा, १८५१ साली एका घरात जॉन चार वर्षांचा आहे. १८६१ साली त्याच घरात, त्याच आईबापांपाशी, जॉन आठ वर्षांचा आहे. नवशिका म्हणतो, लिहिणारा झोपेत असेल. मुरलेला माणूस मधल्या वर्षांची मृत्यूची नोंद काढायला जातो. पहिला जॉन गेलेला असतो. पुढच्या मुलाला त्याचेच नाव दिलेले असते, कारण आजोबांचे नाव घरात राहायला हवे. वंशावळीत मात्र दोघांचा एकच जॉन होतो, आणि चार वर्षांचे ते पोर भावाच्या नावाखाली कायमचे झाकले जाते.

आपल्याकडे मुले जगत नसली की पुढच्याचे नाव धोंडू नाहीतर दगडू ठेवीत. असल्या नावाच्या पोराकडे यम ढुंकून पाहणार नाही, हा हिशेब. म्हणजे आमच्या विष्णू-गणेशांत एखादा धोंडो दिसला, की त्याच्या आधीची जागा रिकामी नव्हती, एवढे समजायचे. त्या जागेवर कोण होते, हे आमच्या वंशावळीत नाही.

१९११ साली इंग्रजांनी नवे रकाने घातले. लग्न झालेल्या बाईने एकूण मुले किती झाली, हयात किती, गेलेली किती, ते लिहायचे. विधवांनी आणि विधुरांनी हे रकाने भरायचे नव्हते. तरी पुष्कळांनी भरले. वर्षाकाठी एकदासुद्धा पोराचे नाव काढायला कुणी उरले नव्हते. सरकार विचारतेय म्हटल्यावर लिहून टाकले असेल. कचेरीतल्या कारकुनाने नियमाप्रमाणे त्यांवर काट मारली. इंग्लंडातले ते कागद घरच्यांच्या हातचेच जपलेले आहेत, आणि शाईच्या रेघेखालचे आकडे अजून वाचता येतात. झालेली नऊ, हयात सहा. दोघांचे दफन चर्चच्या वहीत मिळते. तिसरा कोण, म्हणून लोक शोधत जातात, आणि पुष्कळदा तो पहिला जॉन असतो.