धोक्याच्या सूचनेचा इतिहास



रेल्वे-स्टेशनावर, वाचनालयांत किंवा उपाहारगृहांत फुकट वाय-फाय मिळतें म्हणून आपण मोबाइल उघडतों, आणि हव्या त्या पृष्ठाऐवजीं पडद्यावर अकस्मात् अक्षरें उमटतात: ‘तुमचें कनेक्शन खाजगी नाहीं.’ पुष्कळ मंडळी तीं अक्षरें धड न वाचतांच पुढें सरकण्याची वाट शोधूं लागतात. या सूचनेला सुमारें तीस वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक झाला तर पुढें धावणारें बोट क्षणभर थांबेल, या आशेनें तोच आज सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या जुन्या दप्तरांतील कागद ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस शिक्का आणि मोर्तब यांची ओळख असेलच. शिक्क्यावरून पत्र कोणाचें तें कळे. शेवटीं मोर्तब उमटलें, कीं त्याखालीं मागाहून कोणास चार ओळी घुसडतां येत नसत. इंटरनेटवरील व्यवहारास अशाच प्रकारचा बंदोबस्त नेटस्केप या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं आपल्या ब्राउझरांतून आणला. मजकूर सांकेतिक लिपींत जाऊं लागला, म्हणून वाटेंतल्या माणसास तो वाचतां येईना. शिवाय समोरच्या संकेतस्थळास आपलें प्रमाणपत्र दाखवावें लागे. हीं प्रमाणपत्रें कांहीं ठराविक संस्था देतात, आणि विश्वासू संस्थांची यादी ब्राउझरपाशीं अगोदरच असते. प्रमाणपत्र त्या यादींतल्या संस्थेचें नसेल, त्यावरील नांव जुळत नसेल किंवा त्याची मुदत सरली असेल, तर ब्राउझर आपणांस सावध करतो.

इतकी चोख व्यवस्था असतां लोक तिला जुमानीनासे कां झाले? याचें उत्तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टींत आहे. आरंभीं या सूचना बहुधा निरुपद्रवी कारणांनींच येत. एखाद्या कार्यालयानें प्रमाणपत्राचें नूतनीकरण वेळेवर केलेलें नसे, तर कोणाच्या संगणकांतलें घड्याळच भलती तारीख दाखवीत असे. त्यांत सार्वजनिक वाय-फायची भर पडली. तेथें प्रथम मोबाइल नंबर वगैरे देऊन प्रवेश घ्यावा लागतो. आपण मागतों बँकेचें पृष्ठ. पण प्रवेश झालेला नसल्यामुळें तें जाळें मध्येंच आपलें प्रवेशाचें पान पुढें करतें. बँकेच्या नांवानें दुसराच कोणी उत्तर देत आहे, हें ओळखून ब्राउझर ओरडतो. त्याचें ओरडणें खरेंच असतें. परंतु उत्तर देणारा बहुधा चोर नसून दरवान असतो. दहा वेळां दरवानासाठीं उठलेला माणूस अकराव्या वेळीं चोर आला तरी उठत नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत असें दिसून आलें, कीं प्रमाणपत्राविषयींच्या शंभर सूचनांपैकीं सुमारें ७० सूचना क्रोम वापरणारे लोक ओलांडून जात. फायरफॉक्समध्यें, जेथें पुढें जाण्यास अधिक खटाटोप करावा लागे, तेथें हें प्रमाण ३३ होतें.

चोर खरोखर येतो काय, याचा दाखला २०१० च्या ऑक्टोबरांत मिळाला होता. एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रामरनें ‘फायरशीप’ नांवाची एक लहानशी पुरवणी फायरफॉक्ससाठीं प्रसिद्ध केली. उघड्या वाय-फायवर शेजारीं बसलेल्या माणसाचें फेसबुकचें खातें तिच्या साह्यानें कोणाहि नवशिक्यास उघडतां येई. कारण, अनेक संकेतस्थळें पासवर्ड घेतांना तेवढी सांकेतिक लिपी वापरीत, आणि पुढचा सारा व्यवहार उघड्यावर चाले. हा दोष चव्हाट्यावर आणणें, हाच बटलरचा हेतु होता.

परंतु सूचनेचें खरें मोल कळलें तें पुढल्या वर्षीं. हॉलंडमध्यें डिजिनोटार नांवाची प्रमाणपत्रें देणारी एक मान्यताप्राप्त संस्था होती. २०११ च्या जुलैंत एका घुसखोरानें तिच्या यंत्रणेंत शिरून पांचशेंहून अधिक खोटीं प्रमाणपत्रें तयार केलीं. त्यांत गूगलच्या नांवाचेंहि एक होतें. संस्थेस घुसखोरीचा सुगावा लागला, पण तिनें ती गोष्ट जगास कळविली नाहीं. इकडे इराणांत त्या प्रमाणपत्राच्या बळावर लोकांचा गूगलशीं होणारा व्यवहार वाटेंत अडविला जाऊं लागला. पुढील तपासांत सुमारें ३ लाख संगणक-पत्ते या जाळ्यांत सांपडल्याचें आढळलें, आणि ते जवळजवळ सर्व इराणांतील होते. शिक्का मान्यवर संस्थेच्या घरचा, म्हणून इतर ब्राउझर गप्प राहिले. क्रोममध्यें मात्र गूगलनें आपल्या स्थळांच्या खऱ्या शिक्क्यांची खूण आधींच नोंदवून ठेविली होती. ऑगस्टच्या अखेरीस एका इराणी गृहस्थास क्रोमनें सूचना दिली. त्यानें ती झटकून टाकली नाहीं. गूगलकडे जाहीर विचारणा केली. त्या एका विचारणेनें सारें कारस्थान उघडकीस आलें, आणि २० सप्टेंबरला डिजिनोटारचें दिवाळें जाहीर झालें.

त्यानंतर सुधारणा झपाट्यानें झाल्या. २०१२ सालीं असा नियम प्रसिद्ध झाला, कीं ज्या स्थळानें आपला व्यवहार केवळ सांकेतिक लिपींतच चालेल असें बजावलें असेल, तेथें प्रमाणपत्रांत खोट निघाल्यास ब्राउझरनें पुढें जाण्याची वाटच ठेवूं नये. २०१५ च्या डिसेंबरांत ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेनें प्रमाणपत्रें सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. त्याच सुमारास, २०१६ च्या जानेवारींत, मुंबई सेंट्रल स्टेशनांत रेलटेल व गूगल यांचें सार्वजनिक वाय-फाय सुरू झालें, आणि पुढें ही सोय लहान गांवांच्या फलाटांपर्यंत पोंचली. म्हणजे हा प्रश्न आतां तुमच्याआमच्या दारीं आला आहे.

सूचना दिसली, तर प्रथम मोबाइलची तारीख बरोबर आहे काय तें पाहावें. नंतर त्या जाळ्याचें प्रवेशाचें पान उघडून रीतसर प्रवेश घ्यावा. तरीहि सूचना न हटल्यास तें वाय-फाय सोडून आपल्या मोबाइलच्या इंटरनेटवर काम करावें. बँकेचा पासवर्ड तर मुळींच लिहूं नये. आणखी एक ध्यानांत ठेवावें: सूचना आली नाहीं, एवढ्यावरून समोरचा माणूस सज्जन ठरत नाहीं. ठकासहि स्वतःच्या नांवाचें प्रमाणपत्र मिळूं शकतें. म्हणून पत्त्यांतील नांव वाचलेंच पाहिजे.

शाळेंत लांडग्याची गोष्ट शिकवितांना आम्ही मास्तरमंडळी सारा बोल त्या खोडकर मुलास लावतों. परंतु शेवटच्या दिवशीं लांडगा खरोखर आला होता, आणि मेंढरें गेलीं तीं गांवकऱ्यांचीं.