बाटलीत न वाढणारा जंतू

हृदयाच्या झडपांना जिवाणूंचा संसर्ग झाला, की पुष्कळदा आठवडेच्या आठवडे बारीक ताप राहतो, वजन घटते आणि झडपा हळूहळू निकामी होतात. प्रतिजैविके येण्यापूर्वी असा रुग्ण क्वचितच वाचे. न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सेलर यांनी १९१० साली अशा रुग्णांच्या रक्तात स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू दाखवून दिले. रुग्णाचे रक्त पोषक द्रवात घालून उबेत ठेवायचे. जिवाणू असतील तर ते वाढतात. हे ‘ब्लड कल्चर’ निदानाचा मुख्य आधार बनले.

पण काही वेळा बाटलीत काहीच वाढत नाही. मग झडपेत जिवाणू नाहीत असे समजायचे का? बाटली रिकामी राहण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रक्त घेण्याआधीच दिलेले प्रतिजैविक. दुसऱ्या एका कारणाची गोष्ट ऑस्ट्रेलियात सुरू होते.

१९३५ साली ब्रिस्बेनमधील कत्तलखान्याच्या कामगारांत एक अनोळखी ताप आढळला. एडवर्ड डेरिक यांनी रुग्णांचे रक्त गिनिपिगांना टोचले, तेव्हा त्यांनाही ताप आला. रोगाला नाव मिळाले ‘क्यू’ ताप; क्यू म्हणजे ‘क्वेरी’, अर्थात प्रश्न! मेलबर्नमध्ये मॅक्फर्लेन बर्नेट यांनी त्याचा जंतू शोधला. हा जंतू, कॉक्सिएला, प्राण्यांच्या पेशींच्या आत वाढतो. ब्लड कल्चरच्या नेहमीच्या द्रवात नाही.

१९५९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झडपेचा विकार झालेल्या एका रुग्णाची हकीकत आली. त्याचे कारण हाच जंतू होता. मग तो ओळखायचा कसा? जंतू हाती येत नसेल, तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात शोधायची. २००० साली सुधारलेल्या ‘ड्यूक निकषां’त या प्रतिपिंडांच्या मोठ्या प्रमाणाला निदानाच्या प्रमुख पुराव्याचे स्थान मिळाले. शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपेतील जिवाणूंचा डी.एन.ए. ओळखूनही आता निदान होते. २०२३ च्या निकषांनी तोही पुरावा मानला.

हे निदान महत्त्वाचे, कारण औषध जंतूप्रमाणे बदलते. स्ट्रेप्टोकॉकसवर चालणारे पेनिसिलिन कॉक्सिएलावर उपयोगी पडत नाही.

वर्गातील प्रयोगात ‘काही आढळले नाही’ असे उत्तर आले, तर विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: ते असते, तर या पद्धतीने आपल्याला दिसले असते का?