पानिपतची संक्रांत

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. दर वर्षी पानिपतचा धडा आला की मी एक वाक्य हमखास बोलायचे, आणि तेही जरा थांबून, आवाज खाली आणून. "मुलांनो, १४ जानेवारी १७६१. त्या दिवशी मकर संक्रांत होती. तिकडे महाराष्ट्रात घरोघरी तिळगूळ वाटत होते आणि इकडे आपल्या सैन्यावर संक्रांत कोसळली." वर्ग एकदम शांत व्हायचा. एखाद्या मुलीच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, आज तास रंगला.

हे वाक्य चूक आहे. त्या दिवशी संक्रांत नव्हती.

ही चूक मला कुणी इतिहासकाराने दाखवली असती तर इतकी लागली नसती. पण ती दाखवली होती आठवीतल्या एका मुलाने, आणि मी त्याला गप्प बसवलं होतं. साल बहुधा १९९१. नुकताच १२ जानेवारीचा विवेकानंद जयंतीचा कार्यक्रम झाला होता. भाषणात कुणीतरी सांगितलं होतं की स्वामीजींचा जन्म १८६३ साली मकर संक्रांतीच्या दिवशी झाला. (हे खरं आहे.) दोन दिवसांनी माझा पानिपतचा तास. माझं ते ठेवणीतलं वाक्य संपलं आणि हा उभा राहिला. "बाई, संक्रांत नेहमी १४ तारखेलाच असते ना? मग विवेकानंदांच्या वेळी १२ला कशी?"

प्रश्न किती सरळ होता! पण मी बी.ए.ला मराठी-इतिहास घेतलेली बाई. ग्रहताऱ्यांचं काही आलं की ते आपलं खातं नाही, अशी माझी पक्की समजूत. मी म्हटलं, "ते विज्ञानाच्या सरांना विचार. आता पानिपत चालू आहे." वर्ग हसला. तो बसला. सरांना त्याने विचारलं की नाही, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही एवढं मात्र खरं.

निवृत्तीनंतर सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची सवय लागली. आपल्या नाशिकचं हे वाचनालय १८४० सालचं. गंमत म्हणजे त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दिग्दर्शन' मासिक सुरू केलं, इतिहास-भूगोलाबरोबर पदार्थविज्ञान सामान्य माणसापर्यंत मराठीतून पोहोचावं म्हणून. तेव्हा आपल्या भाषेत हा उद्योग काही आजचा नव्हे.

तर तिथे एक दिवस शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हाती आलं. नावावरून मला वाटलं, कुंडल्या-बिंडल्या असतील. तसं काही नाही. आपल्याकडे आकाशाचा अभ्यास कसकसा होत गेला त्याचा हा इतिहास, १८९६ साली छापलेला. इतिहास म्हणून घरी आणला आणि अडकलेच.

दीक्षित कोण होते हे कळल्यावर तर मला फारच जवळचे वाटायला लागले. जन्म १८५३चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पेशा शाळामास्तरचा. शाळेत आणि मास्तरांच्या ट्रेनिंग शाळेत शिकवायचं, आमच्या शेजारच्या धुळ्यालाही ते काही वर्षं होते. उरलेल्या वेळात संस्कृत ग्रंथ आणि गणित. डॉ. फ्लीट हे साहेब गुप्त राजांचे शिलालेख अभ्यासत होते, तेव्हा त्यांवरच्या तिथ्यांचं गणित करून दिलं ते या मास्तरांनी. रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर पंचांगावर इंग्रजी ग्रंथही लिहिला. आणि १८९२ साली साध्या वाचकासाठी एक पुस्तक काढलं, 'ज्योतिर्विलास'. त्याचं दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. एक घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे रोज रात्री पाऊण तास अंगणात या आणि वर बघा, मौज म्हणून! १८९८ साली, पंचेचाळिशीही पुरी व्हायच्या आत, ते गेले.

त्यांच्या ग्रंथात 'अयनचलन' हा शब्द भेटला आणि तो आठवीतला मुलगा माझ्यासमोर पुन्हा उभा राहिला.

मला समजलं तसं सांगते. भोवरा फिरता फिरता त्याची वरची टोकरी कशी हळूहळू गोल डुलते, तशी पृथ्वीही डुलते. फार सावकाश. एक फेरा व्हायला जवळजवळ २६,००० वर्षं. त्यामुळे वर्ष दोन तऱ्हांनी मोजता येतं. एक, सूर्य ताऱ्यांमधल्या त्याच जागी परत दिसला की. दुसरं, तोच ऋतू परत आला की. या दोन वर्षांमध्ये फरक पडतो जेमतेम वीस मिनिटांचा. पहिलं वर्ष वीस मिनिटांनी मोठं. आपली संक्रांत पहिल्या तऱ्हेची, राशी म्हणजे ताऱ्यांवर बेतलेली. इंग्रजी कॅलेंडर दुसऱ्या तऱ्हेचं, ऋतूंना बांधलेलं. म्हणजे दर वर्षी संक्रांत कॅलेंडरवर वीस मिनिटं पुढे सरकते.

आता वीस गुणिले बहात्तर करा. १,४४० मिनिटं. म्हणजे बरोबर चोवीस तास. बहात्तर वर्षांत एक दिवस! मधल्या लीप वर्षांमुळे तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होते, म्हणून २०२४ला ती १५ जानेवारीला आणि २०२५ला १४ला आली. पण एकूण चाल पुढेच.

मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. २०२५मधून १८६३ गेले, १६२ वर्षं. भागिले बहात्तर, सव्वादोन दिवस. १४मधून दोन गेले, १२ जानेवारी. विवेकानंदांचा जन्मदिवस! माझ्या अंगावर काटा आला. मग, धीर करून, २०२५मधून १७६१ वजा केले. २६४ वर्षं. भागिले बहात्तर, पावणेचारच्या आत-बाहेर. म्हणजे १७६१ची संक्रांत दहा जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. पानिपतच्या रणात पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी, लढाई झाली तेव्हा संक्रांत उलटून चार दिवस झाले होते.

हिशोब चौथीच्या गणिताचा. बी.एस्सी.ची गरज नव्हती. मुलाने दोन्ही टोकं माझ्या हातात दिली होती. १२ आणि १४ जुळत नाहीत, मग कुठेतरी काहीतरी आहे, एवढंच तो म्हणत होता. 'विज्ञान साक्षरता' म्हणून जो मोठा शब्द वापरतात त्याचा अर्थ मला तरी आता असा वाटतो. कृष्णविवर माहीत असणं ही पुढची गोष्ट. दोन माहित्या एकमेकींशी जुळत नाहीत हे दिसल्यावर थांबता येणं, ही पहिली. तो थांबला होता. मी पुढे गेले, कारण 'संक्रांत कोसळली' हे वाक्य मला फार आवडत होतं.

एक गोष्ट आणखी. दिवस मोठा व्हायला लागतो तो १४ जानेवारीपासून नव्हे, २१-२२ डिसेंबरच्या पुढे. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकर संक्रांत जवळपास एकत्र होती, मग संक्रांत सरकत गेली. दीक्षित आणि त्यांचे सहकारी लेले, मोडक यांचा आग्रह ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचा होता. लोकांनी तो मानला नाही. पुढे १९५७ साली भारत सरकारने जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली तिच्यात मात्र पौष २२ डिसेंबरला सुरू होतो. म्हणून काही तिळगूळ डिसेंबरात वाटा असं मी म्हणत नाही. येवल्याचे पतंगवाले मला सोडायचे नाहीत!

डिसेंबर २०२१मध्ये आपल्या नाशकात साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. पुण्याला आयुकात मुलं सही मागायला आली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न पाठव, उत्तराखाली सही करून देईन. आणि देत. २० मे २०२५ला ते गेले त्या दिवशी मला ती पोस्टकार्डं आठवली, आणि शेजारी माझं वाक्य, "ते विज्ञानाच्या सरांना विचार."

तो विद्यार्थी मला मागल्या वर्षी पंचवटीत भेटला. त्याचं औषधांचं दुकान आहे. मी भर दुकानात त्याची माफी मागितली आणि सगळा हिशोब सांगितला. तो गोंधळून म्हणाला, "बाई, मला तर काहीच आठवत नाही." मग हळूच म्हणाला, "पण माझ्या पोरीला मी हेच सांगितलंय. पानिपतला संक्रांत होती म्हणून."

म्हणजे वाक्य पुढच्या पिढीत पोहोचलंय, प्रश्न नाही. म्हणून हे लिहिलं. माझ्या वर्गात बसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, किंवा आपल्या घरातली भाचे-पुतणे मंडळी, तर मुलांना बसवून तो वजाबाकी-भागाकार एकदा करून घ्या. उत्तर आधी सांगू नका.