शंभर कंठ, एक षड्ज : धरमपेठेतील मुलांच्या समूहगानामागचा इतिहास

नागपुरात बर्डीवरून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच वेळात धरमपेठ लागते. झेंडा चौक, लक्ष्मीभुवन चौक, ट्रॅफिक पार्क ही नावे नागपूरकरांना तोंडपाठ असतात. अशा वस्तीत एखाद्या संध्याकाळी चाळीसेक मुले-मुली एका खोलीत ओळीने उभी आहेत, समोर पेटी आहे, शिक्षिका एक पट्टी दाबते आणि चाळीस गळे एकदम ‘सा’ लावतात, हे दृश्य कोणालाही फार जुने, जवळजवळ सनातन वाटेल. वस्तुतः ते तसे नाही. मुलांना एकत्र उभे करून, पद्धतशीरपणे, एकाच पट्टीत गायला शिकवणे ही महाराष्ट्रातली जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांची गोष्ट आहे. हा थ्रेड त्या गोष्टीचा.

आधी १८७० च्या सुमाराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे लागेल. गाणे तेव्हा दोन निराळ्या वाटांनी चालत होते. एक वाट घराण्यांची. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा समोर बसून शिकायचे. विद्या दिली जाई ती एका वेळी एका गळ्याला. पांढरपेशा घरातल्या मुलाने गवई व्हावे हे घरच्यांना रुचत नसे; मुलींच्या बाबतीत तर विषयच निघत नसे. दुसरी वाट लोकांची: दिंडी, काकडआरती, जात्यावरच्या ओव्या, विदर्भातली खंजिरीवरची भजने. इथे सारेच गात, पण शिकवत कोणी नसे. कानावर पडत पडत गाणे अंगात मुरायचे.

म्हणजे जे गाणे शिकवले जाई ते एकट्याचे होते, आणि जे सर्वांचे होते ते शिकवले जात नव्हते. मुलांचे समूहगान म्हणजे या दोन वाटांचा सांधा.

तो जुळवण्याचे पहिले प्रयत्न नागपुरापासून दूर झाले. पुण्यात १८७४ साली ‘पूना गायन समाज’ स्थापन झाला आणि गाणे ही सभ्य घरांतल्या मुलांनी शिकण्याची गोष्ट आहे, असे तो जाहीरपणे म्हणू लागला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली संगीतशाळा उघडली. स्वरलिपी तयार केली, छापील पुस्तके काढली. योगायोग असा की इंग्लंडमध्ये हाच प्रश्न काही दशके आधी उभा राहिला होता. नॉर्विच येथील सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने आणि पुढे जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने, वाद्य न येणाऱ्या सामान्य मुलांना एकत्र गाता यावे म्हणून ‘टॉनिक सोल-फा’ ही पद्धत घडवली. तिच्यात ‘डो’ हा स्वर कोणत्याही पट्टीवर मांडता येतो. आपला ‘सा’ही तसाच. युरोपाने खटाटोप करून जे शोधले, ते इथे परंपरेने हाताशी होते. उणीव होती ती वर्गाची, फळ्याची आणि समोर बसलेल्या अनेक मुलांची.

ती उणीव भरून काढली विष्णु दिगंबर पलुसकरांनी, आणि इथे जरा थांबले पाहिजे.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे जन्मलेल्या या मुलाचे डोळे लहानपणी फटाक्याच्या दारूने अधू झाले. शाळेचे शिक्षण खुंटले म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. तिथली एक हकीकत नेहमी सांगितली जाते. गावातल्या एका समारंभाचे आमंत्रण विष्णूला आले, पण त्याच्या गुरूंना आले नाही. कारण काय, तर ते गवई. विद्या श्रेष्ठ आणि विद्यावंत मात्र पंगतीबाहेर, हे कोडे त्याच्या मनातून गेले नाही. १८९६ साली त्याने मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. राजाश्रयाच्या जागी लोकवर्गणी, तिकीट लावलेल्या मैफली आणि विद्यार्थ्यांची फी असा तो सगळा नवा व्यवहार होता. ठरलेले वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा. स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. मुलांच्या हाती देण्यासाठी स्वरलिपीसह पुस्तके छापली गेली. त्यांतल्या एकाचे नावच ‘संगीत बालप्रकाश’. १९०८ साली विद्यालय मुंबईला आले. पुढे स्वतःच्या इमारतीसाठी काढलेल्या कर्जाने ते बुडाले आणि इमारतीचा लिलाव झाला, पण तोवर शिष्य देशभर पांगले होते.

पलुसकरांवरची टीकाही ध्यानात घ्यावी. वर्गात शिकवून तानसेन तयार होत नाहीत, असे लोक म्हणत. त्यावर पलुसकरांचे म्हणून जे उत्तर सांगतात त्याचा आशय असा की तानसेन नाही झाले तरी कानसेन होतील. विनोद बाजूला ठेवला तर हा मोठा बदल होता. गायक होण्याचा हेतू नसलेल्या मुलालाही गाणे शिकवावे, ही कल्पनाच नवी होती. समूहगानाच्या वर्गात आजही बहुसंख्य मुले याच जातीची असतात.

अनेकांना एकत्र गायला लावायचे तर एक व्यावहारिक अडचण येते. गुरूसमोर बसलेला एकटा शिष्य आपल्या गळ्याला झेपेल असा षड्ज घेऊ शकतो. पुरुषाचा षड्ज साधारणतः काळी एकच्या आसपास असतो, तर स्त्रिया आणि मुले काळी चार-पाचच्या आसपास गातात. त्यातच तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे आवाज फुटू लागलेले असतात. चाळीस जणांचा मिळून एकच ‘सा’ ठरवायचा तर कोणाला तरी खाली उतरावे लागते, कोणाला ताणावे लागते. हा निवाडा पेटीने केला. पट्टी दाबली की स्वर ठरला; वाद संपला. शाळेची प्रार्थना आणि पेटी यांची जोडी इथूनच पडली. गंमत अशी की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हीच पेटी अभारतीय ठरवून तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी तीन दशके टिकली. तिच्या स्थिर स्वरांत मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत, हा आक्षेप खराच होता. पण रेडिओवर जिला मज्जाव होता, ती त्याच सकाळी गावोगावच्या शाळांत मुलांना सूर देत होती.

नागपुरात ही विद्यालयीन पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात ज्या मुलांनी धडे घेतले त्यांत दोघे असे होते की त्यांची नावे पुढे मराठी माणसाच्या ओठी आली: वसंतराव देशपांडे आणि राम चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. एक शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या रंगमंचावर गेला, दुसरा चित्रपटात. दोघांच्याही घरात गवयाची गादी चालत आलेली नव्हती. गाण्याच्या शाळेचे दार उघडे असण्याचा हा अर्थ.

मात्र शाळेत गाणे शिकवणे आणि सर्व मुलांनी मिळून गाणे, यांत अजून अंतर होते. ते मिटवणारा निर्णय नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हाताला जसे वळण लागते तसे आवाजालाही लागले पाहिजे, म्हणून प्राथमिक शिक्षणात संगीत हवे, अशी गांधीजींची भूमिका होती. परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी जो आराखडा दिला त्यात सूतकताई, गणित, मातृभाषा यांच्या बरोबरीने संगीत हा विषय आला, आणि त्यातही समूहगानावर विशेष भर देण्यात आला. ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात वर्षानुवर्षे संगीत शिकवत होते. ‘आश्रम भजनावली’ त्यांनीच सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते स्वतः चालले. सेवाग्रामची नयी तालीम पुढे सांभाळणारे आर्यनायकम दांपत्य तर शांतिनिकेतनातून आलेले. म्हणजे मिरजेची परंपरा आणि रवींद्रनाथांच्या शाळेचा संस्कार वर्ध्याच्या मातीत एकत्र आले.

प्रत्यक्षात काय झाले? स्वातंत्र्यानंतर बहुतेक शाळांत संगीताचा तास वेळापत्रकात राहिला आणि शिक्षक मात्र नेमले गेले नाहीत. सामूहिक गाणे उरले ते सकाळच्या प्रार्थनेपुरते, आणि तेही पुष्कळदा गाण्यापेक्षा रांगा सरळ करण्यासाठी. एका चांगल्या कल्पनेची ही हानी दुर्लक्षाने झाली, विरोधाने नव्हे.

शाळेबाहेर मात्र विदर्भ गात होता. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. खंजिरीवरचे भजन ही खेड्याची जुनीच चीज. महाराजांनी तिला सामुदायिक प्रार्थनेची शिस्त दिली: ठरलेली वेळ, ठरलेली बैठक, सर्वांनी मिळून म्हणायचे शब्द. ‘ग्रामगीते’त या प्रार्थनेचा विचार त्यांनी सविस्तर मांडला आहे. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली आणि त्यांच्या बंदिवासाचा काही काळ नागपूरच्या तुरुंगात गेला. भजनाला सरकार का भ्यावे, याचे उत्तर त्या गर्दीच्या एका आवाजात होते.

विचाराने परस्परांपासून दूर असलेल्या संघटनांनीही हेच साधन उचलले. नागपुरात १९२५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखांत सांघिक गीत आले. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने समूहगीते आणि कलापथके उभी केली. शब्द वेगळे, ध्येये वेगळी, पण मुलांना ओळीत उभे करून गायला लावण्याची रीत सारखी. आणि धरमपेठेपासून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून त्रिशरण आणि पंचशील म्हटले. ज्यांना देवळाच्या पायरीवरही आवाज काढण्याची मुभा नव्हती, त्यांचा तो एकत्रित उच्चार होता. तेव्हापासून नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतील विहारांत मुले मोठ्यांबरोबर बसून वंदना म्हणायला शिकतात. संगीताच्या इतिहासात हे पान सहसा येत नाही, यायला हवे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. गाणे हे इथे साधन होते: भक्तीचे, राष्ट्राचे, संघटनेचे, मुक्तीचे. मुलाने गाणे शिकावे म्हणून गाणे, हा हेतू मागच्या बाकावर बसला होता. त्याला पुढे आणणाऱ्यांत संगीतकार वसंत देसाई यांचे नाव ठळक आहे. ९ जून १९१२ रोजी तळकोकणात जन्मलेले देसाई ‘प्रभात’मध्ये घडले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतल्या त्यांच्या प्रार्थना थेट शाळांच्या परिपाठात जाऊन बसल्या. पण त्यांचे याहून कष्टाचे काम म्हणजे ‘एक सूर एक ताल’. शालेय मुलांना समूहगाने शिकवून हजारोंच्या संख्येने मैदानावर एकत्र गायला लावण्याचा तो उपक्रम होता.

हे काम दिसते तितके भाबडे नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानात पुढच्या आणि मागच्या रांगेत १७० मीटर अंतर असेल, तर पुढचा सूर मागे पोहोचायला अर्धा सेकंद लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर अर्धा सेकंद म्हणजे नेमकी एक मात्रा. मागच्या मुलाने कानावर विसंबून गायले की तो अख्ख्या मात्रेने मागे पडणार. म्हणून त्याने ऐकायचे नसते, हाताकडे पाहायचे असते. चाली सोप्या, खटके-मुरक्या वगळलेल्या, श्वासाच्या जागा ठरलेल्या ठेवाव्या लागतात त्या याचसाठी. मैफलीच्या गायकाला जे गुण शोभा देतात तेच इथे अडचण करतात. हे निराळे शास्त्र आहे आणि ते निराळे शिकवावे लागते, हे चित्रपटाच्या धावपळीत मानाचे स्थान मिळवलेल्या संगीतकाराने शाळकरी मुलांसाठी वेळ काढून दाखवून दिले. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत उद्वाहकाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

त्याच काळात दुसऱ्या दिशेनेही शोध चालू होता. सलिल चौधरी यांनी मुंबईत ‘बॉम्बे यूथ कॉयर’ उभी केली, एम. बी. श्रीनिवासन यांनी १९७१ साली ‘मद्रास यूथ कॉयर’. सर्वांनी एकच चाल गाण्याऐवजी दोन-तीन स्वरपंक्ती एकमेकींवर रचण्याची पाश्चात्त्य रीत त्यांनी भारतीय चालींना जोडून पाहिली. ती मुलांच्या गळी उतरवणे अधिक अवघड, कारण शेजारचा वेगळे गात असताना आपला स्वर सोडायचा नसतो.

धरमपेठेतल्या त्या खोलीत नव्याने दाखल झालेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात पलुसकर, तुकडोजी महाराज किंवा वर्ध्याची परिषद यांतले काहीच ठाऊक नसते. त्याची अडचण वेगळी असते: शेजारच्या मुलीचा आवाज मोठा आहे आणि स्वतःचा ऐकूच येत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिक्षिका पेटीवरून हात काढून घेते, भाता मिटतो, आणि चाळीस मुलांना तोच ‘सा’ आता पेटीवाचून धरून ठेवायचा असतो.