अमेरिकेच्या ताटातील मेक्सिको

राष्ट्रांचा इतिहास आपण तहनाम्यांत आणि लढायांत शोधतो. तो चुलीपाशीही सापडतो, असे आम्हांस वाटते.

आज अमेरिकेत टाको, बुरिटो, साल्सा हे पदार्थ गावोगाव मिळतात. ते परदेशातून आलेले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हे मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेले. तेथील माणसे जागची हलली नव्हती. हलली होती ती सरहद्द. चूल तीच राहिली, राज्य मात्र बदलले.

या ताटाचा आधार मका. तो चुन्याच्या पाण्यात शिजवून, दगडी पाट्यावर वाटून त्याची भाकरी, म्हणजे तोर्तिया, करण्याची रीत फार प्राचीन आहे. चुन्यामुळे मक्यातील एक जीवनसत्त्व अंगी लागते. ही रीत न घेता नुसत्या मक्यावर राहणाऱ्या, अमेरिकेच्या दक्षिण भागातील गोरगरिबांना विसाव्या शतकाच्या आरंभी पेलाग्रा रोगाने ग्रासले आणि हजारो माणसे दगावली. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले, त्यांच्या पाट्यावर हे शहाणपण कधीचेच नांदत होते!

टेक्सासमधील सान अँटोनिओच्या चौकांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मेक्सिकन स्त्रिया संध्याकाळी दिवे लावून मांसाचा झणझणीत रस्सा विकीत. लोक त्यांना कौतुकाने 'मिरचीच्या राण्या' म्हणत. पुढे १९३० नंतरच्या वर्षांत आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांना चौकांतून उठवण्यात आले. तत्पूर्वीच विल्यम गेबहार्ट या मूळच्या जर्मन गृहस्थाने टेक्सासमध्ये तयार मिरचीपुडीचा कारखाना उभारला होता. चव राहिली, राण्या गेल्या. त्याच मंदीच्या काळात मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना, त्यांत जन्माने अमेरिकन असलेल्यांनाही, देशाबाहेर धाडण्यात आले.

आता कॅलिफोर्नियातील सान बर्नार्डिनोकडे वळू. तेथे १९३७ साली 'मिटला कॅफे' हे मेक्सिकन खानावळवजा उपाहारगृह निघाले. त्या काळी गावच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव होता. याविरुद्ध लढणारी मंडळी याच उपाहारगृहात जमत. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९४४ साली हा मज्जाव बेकायदेशीर ठरला. पुढे त्याच रस्त्यावर समोरच खाद्यपदार्थांचे दुकान चालवणाऱ्या ग्लेन बेल याने मिटलातील टाको पाहून ते करण्याची विद्या उचलली. १९६२ साली त्याने 'टाको बेल' काढले आणि हजारो दुकानांची ती साखळी जगभर पसरली.

१९९० नंतर लवकरच साल्साच्या विक्रीची रक्कम टोमॅटो केचपच्या पुढे गेली. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. हे सर्व आनंदाचे आहे. तथापि, यावरून अमेरिकेने मेक्सिकन माणसाला आपलेसे केले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

आपल्या रोजच्या जेवणातील मिरचीही मूळची त्याच भूमीची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यावर उतरली. तेव्हा अमेरिकेला दोष देताना आम्ही स्वतःलाही विचारले पाहिजे: ज्यांच्या हातचे आपण मिटक्या मारीत खातो, त्यांना पंगतीत शेजारी पाट मांडतो काय?