स्टार्टर मोटर (सेल्फ)

मोटारीच्या इंजिनाला पहिली फिरकी देणारी विजेची मोटर. बोलताना 'सेल्फ'. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला. त्याआधी गाडी हँडल मारून सुरू करावी लागे, आणि उलट फिरलेल्या हँडलने मनगटे मोडत.

सेल्फचे आयुष्य किलोमीटरवर मोजणे चुकीचे आहे. तो झिजतो गाडी सुरू करताना. दर गल्लीत थांबणाऱ्या डिलिव्हरी गाडीचा सेल्फ लवकर थकतो; महामार्गावर तासन् तास धावणाऱ्या टॅक्सीचा लाख-दीड लाख किलोमीटरनंतरही ठणठणीत असू शकतो. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना म्हणूनच जास्त दणकट सेल्फ लागतो.

आत सर्वाधिक झिजतात ते कार्बन, म्हणजे आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) वीज पोचवणारे ब्रश. ते आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि आर्मेचरला प्रवाह तुटक मिळतो. अशा वेळी मेकॅनिक सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकतो. अडकलेला कार्बन जागेवर बसतो आणि गाडी सुरू होते. हा उपाय गॅरेज गाठण्यापुरताच.

बिघाडाची चाहूल आवाजाने लागते. नुसता 'कट' आवाज येऊन इंजिन फिरले नाही, तर सोलेनॉइडचे (सेल्फला बॅटरीचा प्रवाह जोडणाऱ्या विद्युत स्विचचे) पॉइंट जळालेले असू शकतात. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स (मोटरची फिरकी इंजिनाला जोडणारा भाग) घसरत असतो. करकर आवाज पिनियन (सेल्फचे छोटे दातेरी चाक) किंवा ते ज्यात अडकते त्या इंजिनाच्या फ्लायव्हील रिंगचे दाते खराब झाल्याचा. त्याकडे दुर्लक्ष केले तर रिंग बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

मात्र सेल्फ उतरवण्याआधी बॅटरी तपासावीच. सेल्फ मारताना हेडलाइट अगदी मंद झाले आणि कटकट आवाज येत राहिला, तर दोष बहुधा उतरलेल्या बॅटरीचा, क्षार धरलेल्या टर्मिनलचा किंवा सैल अर्थिंगचा असतो. चांगल्या बारा व्होल्ट बॅटरीचा दाब सेल्फ मारतानाही साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून कितीतरी चांगले सेल्फ विनाकारण बदलले जातात.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. शेकडो अँपियरच्या प्रवाहाने वाइंडिंग तापते. इंजिनाचे गळके ऑइल आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी आत शिरणे हीही अकाली बिघाडाची कारणे. कार्बन, बुश किंवा सोलेनॉइड सुटे बदलता येतात. आर्मेचर जळले असेल, तर बहुधा नवा सेल्फच परवडतो.