सवायकी: पणजोबांच्या काळातली नंबर सिरीज

आज थोडं गणित, थोडा इतिहास. सांगा बरं: 4, 5, 8, 10, 12, 15, 16, पुढे काय?

शिष्यवृत्ती असो की एमबीए सीईटी, अशा मालिकेत पोरं अडकतात, कारण शेजारच्या आकड्यांची वजाबाकी करत बसतात. एक सोडून एक वाचा: 4, 8, 12, 16 आणि 5, 10, 15. चाराचा पाढा, पाचाचा पाढा. उत्तर 20.

आता गंमत ऐका. ही मालिका म्हणजे जुनी सवायकीच आहे: आधी आकडा, मग त्याची सव्वापट. तशीच पावकी, निमकी, दिडकी. औटकी म्हणजे साडेतीनपट. आपलं धाराशिव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथला रुपया वेगळा, पण आणे सोळाच. सव्वा रुपयाचे आणे किती? सोळाची सव्वापट, वीस. हिशेब तोंडावर! 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पुढे शेर जाऊन किलो आला, आणि हे पाढे मागे पडले.

मी सॉफ्टवेअरवाला, दिवसभर आकडेमोड मशीनच करतं. पण परीक्षेत मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. म्हणून 20 पर्यंत पाढे आणि 30 पर्यंत वर्ग पाठ करा. मालिका आली की एक ओळ मनात म्हणा, दुसरी बोटांवर मोजा. नियम सापडला वाटलं, तरी तिसऱ्या आकड्यावर तपासा.

घोकंपट्टी म्हणून हसतो आपण, पण जे पाठ असतं तेच मालिकेत पटकन दिसतं.